कुंडीवरची लाल फीत

जरा लांबूनच ऐका. घरी मांजर असेल तर अजून दोन पावलं मागे सरका, आणि ती बाही आवरा, माझ्या फुलाला लागेल. हं, आता ठीक आहे. मी लिली बोलतेय. नर्सरीच्या मागच्या बाकावर, जाळीच्या दाराआड, गळ्यात लाल फीत बांधून बसवलेली पांढरी लिली.

येणारे जाणारे म्हणतात, किती शांत दिसते! शांत कसली? भीतीने गार पडलेली असते मी. माझ्याइतकं घाबरट झाड या नर्सरीत दुसरं नाही. पुढच्या रांगेतली लाजाळूसुद्धा माझ्यापेक्षा बरी, ती निदान घाबरली की मिटून घेते. मला एकदा उमललं की मिटता येत नाही. माझी सगळी कहाणी या एका अडचणीची आहे.

मी जन्माने कंद. सोललेल्या लसणासारखा पांढरा, खवल्याखवल्यांचा. भुशाने भरलेल्या खोक्यात आम्ही वीसजणी होतो. नर्सरीच्या मालकिणीने मला उचललं, टोक वर करून कुंडीत बसवलं आणि वरून माती दाबत म्हणाली, "उगव बाई लवकर, नखरे करू नकोस." तिला सगळे मावशी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेही. मावशीचा आवाज दांडगा, हात मात्र मऊ. मातीत माझी मुळं सुटली ती तिच्या शिव्या ऐकतच.

त्या शिव्या बहुतेक वेळा बटाट्याला असत. बटाट्या म्हणजे तिचा कुत्रा. रंगाने बटाटा, अंगानेही बटाटा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या कुंडीतली माती उकरायचा, आणि दमला की माझ्या कुंडीला पाठ लावून झोपायचा. त्याच्या पाठीची ऊब कुंडीतून आत यायची. मला उगवायला उन्हाची जेवढी मदत झाली, तेवढीच बटाट्याची झाली असेल.

नर्सरीच्या दारापाशी तेव्हा एक जुना सायकस होता. ताडासारख्या झुपक्याचा, रुबाबदार, सगळ्यांशी अदबीने वागणारा. त्याला नारिंगी, गुळगुळीत बिया लागल्या. त्यातल्या तीनचार खाली पडल्या आणि बटाट्याने खेळणं समजून चघळल्या. मी तेव्हा जेमतेम चार पानांची होते. मला वाटलं, बरं आहे, आज तरी माती उकरत नाहीये.

सकाळी त्याने उलटी केली. मावशी म्हणाली, "खाल्लं असेल मेल्याने कुठलं तरी घाणेरडं. बघू संध्याकाळपर्यंत." संध्याकाळी त्याच्याने उठवेना. मग धावपळ करून त्याला डॉक्टरांकडे नेलं. चौथ्या दिवशी मावशी एकटीच परत आली, हातात नुसती साखळी. ती तिने आतल्या खिळ्याला अडकवली. अजून तिथेच आहे.

सायकस त्यानंतर कित्येक दिवस कुणाशी बोलला नाही. त्याला ठाऊक नव्हतं हो. आपल्या अंगात काय आहे, हे झाडाला कोण सांगणार? आम्ही आपले पाणी पितो, ऊन खातो आणि वाढतो.

आठवड्याभराने मावशीने त्याच जनावरांच्या डॉक्टरांना नर्सरीत बोलावलं. म्हणाली, "डॉक्टर, एकेका कुंडीपाशी थांबा आणि मला सांगा. मला आता काही गृहीत धरायचं नाही." डॉक्टर एकेका झाडापाशी थांबू लागले. हे चालेल, हे चालेल, याने तोंडाची आग होते, याने पोट बिघडतं, याच्यावर किडीची औषधं मारली असतील तर तेही जवळ नको. मी गंमत म्हणून ऐकत होते. मग ते माझ्यापाशी आले आणि थांबले.

"ही लिली?" ते म्हणाले. "कुत्र्याला फार तर उलट्या होतील. पण मांजर असलेल्या घरी हिला देऊच नका, मावशी. पान, देठ, फूल, पराग, बशीतलं पाणी, सगळंच वाईट. मांजराची मूत्रपिंडं बंद पडतात. अंगावर सांडलेला पराग चाटला तरी पुरे होतं."

माझ्या पानांतलं पाणी थिजलं. मी? मी तर कुणाला कधी काट्यानेही टोचलं नव्हतं. मला काटाच नाही. त्या दिवसापासून जी भीती अंगात शिरली ती आजपर्यंत निघालेली नाही.

मावशीने मग एक पद्धत पाडली. लाल साटीनच्या फितीचं एक मोठं रीळ आणलं. ज्या झाडांपासून कुत्र्यामांजरांना धोका, त्यांच्या कुंडीला लाल फीत. फितीचं टोक सुटू नये म्हणून ती दुमडून तिथे काळ्या दोऱ्याचे तीन टाके. मावशीला माती कळते, सुई कळत नाही. ते टाके असे वाकडे पडत की एक पूर्वेला तर एक पश्चिमेला. "असू देत," ती म्हणायची, "आपली फीत लांबून ओळखू येते."

कोरफडीलाही फीत बांधली तेव्हा तिचा केवढा तिळपापड झाला! "मी औषधी आहे, औषधी!" दोन दिवस ती हेच म्हणत होती. मी मात्र फीत बांधताना मावशीचा हात मनातल्या मनात घट्ट धरला. कुणीतरी माझ्या गळ्यात खरं काय ते बांधतंय, याचंच मला बरं वाटलं.

फितीचं झाड कुणी उचललं की मावशी आधी विचारी, "घरी कोण कोण आहे?" लोक म्हणत, आम्ही चौघं. "आणि चार पायांचं?" कुणी म्हणे, आहे एक, पण आमचा फार शहाणा आहे, झाडाला तोंड लावत नाही. मावशी त्यांच्या हातातून कुंडी काढून घेई. "माझाही शहाणाच होता," एवढंच बोले आणि त्यांना दुसऱ्या रांगेत घेऊन जाई. तिथे फर्न, स्पायडर प्लांट, अरेका पाम अशी साधी, निरुपद्रवी मंडळी बसलेली असत. मला त्यांचा हेवा वाटायचा.

माझ्या अंगावर पाच हिरव्या कळ्या आल्या आणि एक दिवस हेडबाई आल्या. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. चष्म्याच्या वरून त्यांनी मला तपासलं आणि म्हणाल्या, "ही द्या."

"घरी कोण कोण आहे?"

"मी आणि माझा रेडिओ."

"मांजर, कुत्रं?"

"छे हो. शाळेत चाळीस वर्षं पोरं सांभाळली, तेवढं पुरे झालं."

मावशी हसली. प्राणीच नाहीत म्हटल्यावर फितीचा अर्थ सांगायची गरजच उरली नाही. मीही मनातून हसले. एक बाई आणि एक रेडिओ! याहून सुरक्षित घर मला कुठलं मिळणार होतं? रिक्षात हेडबाईंनी मला मांडीवर धरलं होतं. कित्येक दिवसांत मी पहिल्यांदाच सैल झाले होते.

पण हेडबाई घरी गेल्याच नाहीत. वाटेत उतरल्या त्या एका शिंप्याच्या दुकानापाशी. "मास्तर," त्या आत शिरत म्हणाल्या, "तुम्ही कोट वेळेत दिलात म्हणून माझी अब्रू राहिली. नाहीतर कोपरं फाटलेल्या कोटात निरोपाचं भाषण करावं लागलं असतं. ही तुमच्यासाठी."

मला समजेना हे काय चाललंय. मला भेट म्हणून द्यायलाच विकत घेतलं होतं. मावशीने विचारलेल्या प्रश्नाला हेडबाईंनी खरंखुरं उत्तर दिलं होतं. फक्त ते घर माझं नव्हतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला दोन मशिनं, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, त्याला लागूनच मागे बटणांच्या डब्यांनी भरलेलं उंच कपाट, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा. आणि टेबलावर, नुकत्याच इस्त्री केलेल्या ऊबदार कापडावर, मांजर! पांढरं, पाठीवर दोन उदी ठिपके. तिने एक डोळा उघडला, अंग ताणलं आणि सरळ माझ्याकडे चालत आली. तिचं नाक माझ्या पानाला लागलं तेव्हा माझ्या कंदापर्यंत थंडी गेली.

"बॉबिन! तोंड नाही लावायचं," मास्तर ओरडले.

बॉबिन हे तिचं नाव. पिल्लू असताना ती मशिनच्या बॉबिनीमागे खोलीभर पळायची म्हणून. तिला घरात आणली होती मास्तरांच्या लेकीने. लेक बसडेपोत तिकिटांच्या खिडकीवर कामाला होती आणि संध्याकाळी घरी यायची. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि पर्स खांद्यावरून न उतरवता म्हणाली, "बाबा, मनीप्लांटचं काय झालं होतं विसरलात? दिवसभर तोंडातून लाळ गळत होती हिच्या. झाड खाली ठेवायचं नाही. आपला नियम आहे."

"विसरलो नाही गं. कपाटावर ठेवतो. तिथे तिचा बापही पोचणार नाही."

माणसं वाईट नसतात हो. ही दोघं तर फारच काळजीची. त्यांना एवढंच माहीत होतं की मांजर झाड चावतं. दातांपासून त्यांनी मला आणि तिला दोघींनाही जपलं. जिभेचा विचार त्यांच्या मनातच आला नाही. आणि कपाट होतं कुठे? बरोब्बर त्या लांब टेबलाच्या डोक्यावर.

मला वर चढवण्याआधी मास्तरांची नजर फितीवर गेली. त्यांनी ती बोटांत चोळून पाहिली. "अरे वा, चांगलं साटीन आहे की! आणि हे टाके? पायाने शिवलंय की काय कुणी?" त्यांनी गाठ सोडली. मी ओरडत होते. सोडू नका, मास्तर, ती शोभेची नाही! पण आमचं ओरडणं म्हणजे एखादं पान थोडंसं हलणं, आणि वर पंखा चालू होता.

मास्तरांच्या घरात चिंधीसुद्धा वाया जात नसे. त्यांनी टेप घेतली, बॉबिनला समोर बसवलं. "मान वर करा, बॉबिनताई. श्वास रोखू नका, नाहीतर मग घट्ट होतं." मान मोजली, फीत कापली, आत मऊ अस्तर घातलं आणि एक टिचबटण लावलं, कुठे अडकलं तर झटक्यासरशी निघेल असं. काळ्या टाक्यांचं टोक मात्र तसंच ठेवलं. "वाकडे आहेत, पण पक्के आहेत. राहू देत, जरा नक्षी होईल."

जी खूण मांजराला माझ्यापासून लांब ठेवण्यासाठी होती, ती मांजराच्याच गळ्यात बसली. लाल रंग तिला फार शोभत होता. मी कपाटावरून बघत होते आणि माझ्या कळ्या देठाशी थरथरत होत्या.

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बॉबिन मशिनवरून हँगरच्या दांडीपर्यंत उडी मारून पाही, तिथून घसरून खाली पडे आणि आपण मुद्दामच पडलो असं दाखवत अंग चाटत बसे. प्रत्येक उडीला मी जीव मुठीत धरून बसे. मास्तर पाणी घालायला स्टुलावर चढले की मी बघत बसे, बशीतलं पाणी सांडेल का, टेबलावर थेंब पडेल का, ती तो चाटेल का.

आणि तरीही, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना ती टेबलावर उताणी पडायची आणि अर्धे मिटलेले डोळे माझ्याकडे लावायची. तिची घरघर कपाटाच्या फळीतून माझ्या कुंडीत यायची. मला बटाट्याच्या पाठीची आठवण व्हायची. मला ती फार आवडायला लागली, आणि आवडायला लागली तशी भीती दुप्पट झाली.

कारण कळ्या भरत होत्या. हिरव्याच्या पांढुरक्या झाल्या, पांढुरक्याच्या टपोऱ्या. मास्तर रोज सकाळी कौतुकाने बघायचे, "आज का उद्या?" मी दिवसभर एकच घोकत होते, उमलायचं नाही, उमलायचं नाही. जगातल्या कुठल्या फुलझाडाने असं मागणं मागितलं असेल सांगा. पण कळीला काय, ती कुणाचं ऐकते?

एका सकाळी पहिली कळी उघडली. मास्तरांनी मशिन थांबवून हात जोडले. लेक कामावर जाता जाता दारातून मागे आली, एक फोटो काढून गेली. दुसऱ्या दिवशी माझे केसर फुटले. त्यांवर तांबूस पिवळी पूड दाटून आली. वर पंखा चालू होता.

टेबलावर एका गिऱ्हाइकाचं पांढरं शुभ्र साटीन पसरलं होतं. पहिला कण त्यावर पडला, मग दुसरा, मग दहा. मास्तरांनी खडू ठेवला. "अरेरे, डाग पडेल!" ते घासायला गेले नाहीत, त्यांना कापड चांगलं कळतं. चिकटपट्टीने एकेक कण अलगद उचलला. मग सगळं कापड घडी घालून दुसऱ्या टोकाच्या मशिनवर नेऊन ठेवलं, माझ्यापासून अगदी लांब. कापड वाचलं.

टेबल रिकामं झालं. इस्त्रीची ऊब होतीच. बॉबिन उडी मारून आली आणि बरोबर माझ्याखाली पसरली.

मी माझं सगळं बळ एकवटलं. पंख्याच्या वाऱ्यात फूल हलू नये म्हणून देठ ताठ धरला. जमलं नाही. पूड पडत राहिली, तिच्या पाठीवर, खांद्यावर, पंजावर. मास्तरांनी बघितलं आणि हसले. "बघा, बॉबिनताई रंगून आल्या! घ्या आता आवरून."

ती आवरायला लागली. आधी पंजा, मग खांदा, मग मान वळवून पाठ. मांजर किती नेटकं असतं तुम्हाला माहीतच आहे, एक ठिपका राहू देत नाही. मी प्रत्येक चाटणं पाहिलं. मला डोळे नाहीत, त्यामुळे ते मिटताही आले नाहीत.

दोन तासांनी ती टेबलावरून उतरली आणि मशिनखाली जाऊन बसली. थोड्या वेळाने उलटी केली. मास्तरांनी फडक्याने पुसलं. "केस गिळले असतील. एवढं कशाला आवरायचं?" अजून थोड्या वेळाने दुसरी. तिने पाण्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मास्तर खाली वाकून म्हणाले, "काय गं, उन्हाचा त्रास होतोय का? बघू, संध्याकाळी तुझी ताई आली की."

बघू संध्याकाळी. हे शब्द मी एकदा ऐकले होते. 

तेवढ्यात दारातून तो दांडगा आवाज आला. "मास्तर आहेत का? हेडबाईंनी तुमचं नाव सांगितलं. मला मातीत काम करायला दोन जाड एप्रन शिवून हवेत."

मावशी! मी कपाटावर होते, तिचं लक्ष खाली. मास्तरांनी टेप काढली, पिशवीतलं कापड उलगडलं. मावशी खिशाची जागा दाखवत होती. मशिनखालून बॉबिन बाहेर आली, चार पावलं चालली आणि तिथेच बसली. मावशी बोलता बोलता थांबली.

"ही फीत कुठली?"

"कुंडीला होती हो. साटीन चांगलं आहे, म्हटलं फुकट कशाला घालवा. टाके तेवढे भयंकर घातलेत कुणीतरी."

"ते टाके माझे आहेत," मावशी म्हणाली. तिने मान वर केली. तिने मला पाहिलं, उघडलेलं फूल पाहिलं, मग टेबलावरची पूड, मग बॉबिनची पाठ. तिचा चेहरा मातीसारखा झाला. "मास्तर, हिने चाटलं का अंग? कधी? उलटी झाली?"

"दोनदा. पण तिने झाड चावलं नाही हो. एवढ्या वर कशी पोचेल?"

"चावायला नकोच आहे! ही पूड पोटात गेली तरी पुरे. उठा, चला डॉक्टरांकडे."

"आत्ता? जरा लेक येऊ दे, संध्याकाळपर्यंत बघू..."

"मास्तर!" सगळी खोली दचकली. "माझा कुत्रा त्या 'संध्याकाळपर्यंत बघू'मध्ये गेला. मांजर गुंडाळा. टॉवेल द्या एक ओला, आधी अंग पुसते, अजून चाटायला नको."

मास्तरांचे हात आयुष्यात पहिल्यांदा चुकत होते. टॉवेल म्हणून त्यांनी कुणाची तरी नवी पँट उचलली. मावशीने बॉबिनला पुसलं, गुंडाळलं, बटणांचा एक मोठा डबा रिकामा करून त्यात बसवलं. मग स्टुलावर चढून माझं फूल देठासकट खुडलं आणि पिशवीत टाकलं. "डॉक्टरांना दाखवायला लागेल," ती म्हणाली. मला दुखलं नाही. सगळीच खुडून न्या, असं मी म्हणत होते.

जाताना मास्तरांनी दारसुद्धा धड लावलं नाही. फरशीवर रंगीत बटणं पसरलेली, मशिनची सुई एका बाहीत अर्ध्यावर रुतलेली. पंखा तसाच चालू. त्या खोलीत मी आणि माझ्या चार कळ्या. पहिल्यांदाच मला वाटलं, मी उगवलेच नसते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी लेक आली ती रडलेल्या डोळ्यांनी. फोनवर तिला सगळं कळलं होतं. ती स्टुलावर चढली. मग नाकाला ओढणी लावून मला खाली काढलं, बाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवलं आणि डोक्यावरून कचऱ्याची काळी पिशवी घालून तोंड गच्च बांधलं. मला राग नाही आला.

त्या काळोखात मी तीन दिवस होते. आत काय झालं सांगू? कळ्या उमलल्या. दोन. कुणी बघणारं नाही, ऊन नाही, तरी उमलल्या. एवढं भयंकर कधी काही वाटलं नव्हतं मला.

बाहेरचं फक्त ऐकू यायचं. बॉबिनला सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणतात, लवकर आणलीत हे बरं केलंत, पण तीन दिवस काही सांगता येणार नाही. मूत्रपिंडं चालू आहेत का ते लघवीवरून कळेल. मग दिवसभर त्या घरात तेवढी एकच चौकशी. लेक फोनवर विचारायची, "झाली का?" आणि मग नुसताच श्वास ऐकू यायचा. तिने रजा घेतली होती. ती पायरीवर माझ्या पिशवीशेजारीच बसून राहायची, आणि आम्ही दोघी एकाच शब्दाची वाट बघायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी लांबून पावलं ऐकू आली. मास्तर कधी घाईने चालत नाहीत, पण ते पळत होते.

"झाली!" ते रस्त्यातूनच ओरडले. "झाली गं, झाली!"

"काय झालं, बाबा?"

"लघवी झाली! भरपूर झाली! डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून दाखवली!"

शेजारपाजारचे नक्कीच बघत असणार. एवढा मानी माणूस, ज्यांच्याकडे लोक कोट शिवायला रांग लावतात, ते भर दुपारी रस्त्यात मांजराच्या लघवीची दवंडी पिटत होते. लेक हसत होती आणि रडत होती. पिशवीत मी माझं सगळं अंग सैल सोडलं, आणि एक पाकळी गळून पडली.

मावशी मला परत न्यायला आली तेव्हा मास्तर दारात उभे होते. त्यांनी पिशवीसकट कुंडी उचलून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "मावशी, पूड पडायला लागली तेव्हा मी कापड उचललं हो. मांजराला नाही उचललं."

मावशी म्हणाली, "तुम्हाला कुठे माहीत होतं? मला तर माहीत होतं ना. मी घरी कोण आहे ते विचारलं आणि झाड देऊन टाकलं. ते कुणाच्या घरी जाणार, हे विचारायचं मला सुचलं नाही."

या गोष्टीला आता वर्ष झालं. मी मधल्या काळात वाळले, कंदात झोपले आणि पुन्हा वर आले. मला या जाळीच्या आड ठेवलंय. मावशी फूल उघडलं की केसर कात्रीने छाटते, पण त्याने पूड तेवढी जाते, बाकीचं माझं अंग तेच आहे. सायकसही इथेच आहे, माझ्या शेजारी. आम्ही दोघं फार बोलत नाही, पण बरोबर असतो.

मास्तरांची लेक येऊन त्या निरुपद्रवी रांगेतली दोन झाडं घेऊन गेली. कुंडीतल्या मातीवर मोठे गोटे ठेवायचे, खताच्या गोळ्या उघड्यावर टाकायच्या नाहीत, सगळं मावशीकडून लिहून घेतलं. बॉबिनला चघळायला गव्हाचे दाणे पेरून वेगळी कुंडी केलीय म्हणे. तिला आता वेगळं खाणं लागतं आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायला न्यावं लागतं, पण ती पुन्हा हँगरच्या दांडीवरून पडते.

मावशीच्या फिती हल्ली मास्तर शिवून देतात. कड अशी सरळ की बघत राहावं. टोकाला ते तीन काळे टाके मात्र त्यांनी वाकडेच घालायचे, असं मावशीने बजावलंय. बिचारे चष्मा लावून, जीभ दातांत धरून, मुद्दाम वाकडे टाके घालत बसतात, आणि तरी ते सरळच येतात. मग उसवून परत.

माझी फीत मात्र नवी नाही. दवाखान्यात बॉबिनच्या गळ्यातून काढलेली तीच मावशीने दोरा जोडून माझ्या कुंडीला बांधली. टिचबटणाची भोकं तशीच आहेत. अस्तराच्या शिवणीत दोन पांढरे केस अडकलेत, ते वाऱ्याने हलतात. माझं तिच्यावर फार प्रेम आहे, म्हणून मला एवढंच हवंय की ती मला या जन्मात पुन्हा दिसू नये.

तुम्ही आता निघा. मला पाहिलंत, माझं ऐकलंत, पुष्कळ झालं. मला नेणार असाल तर आधी मावशीला खरं सांगा, शेवटी मी कुणाच्या घरात राहणार ते. आणि नसलात नेणार, तरी दाराशी नळ आहे, तिथे हात धुवा, बाह्या झटका. घरी कुणीतरी तुमची वाट बघत दाराशी बसलं असेल, आणि तुम्ही गेलात की ते सगळ्यात आधी तुमचा हात चाटेल.